वृद्ध वाटसरू आणि चेन्नई नगरी

वाटसरूला साहाय्य करणे हे आपल्या समाजाने फार पूर्वीपासून पुण्यकर्म मानले आहे. रस्त्याच्या कडेला झाडे लावणे, विहिरी खोदणे, उन्हाळ्यात पाणपोई घालणे, मुक्कामाच्या गावी धर्मशाळा बांधणे ही कामे राजांनी केली, सावकारांनी केली आणि गावोगावच्या साध्या गृहस्थांनीही यथाशक्ती केली. आजच्या शहरात पायी जाणारा वाटसरू दिसेनासा झाला. त्याच्या जागी बसच्या थांब्यावर उभा असलेला प्रवासी आला. ह्या प्रवाशांत जे वयोवृद्ध आहेत, त्यांना भाड्यात सूट द्यावी किंवा भाडे मुळीच घेऊ नये, असा विचार गेल्या शतकात जगभर रुजला. पूर्वीचे अन्नछत्र आणि आजची भाडेसवलत ह्यांचे नाते कोणते, हा प्रश्न जिज्ञासूला पडावा असाच आहे. त्याचा शोध घेण्यास चेन्नईसारखे सोयीचे शहर दुसरे क्वचितच सापडेल. आणि ह्या शोधात मराठी माणसाला आपल्याही पूर्वजांची गाठ पडते.

चेन्नईत २०१६ सालच्या फेब्रुवारी महिन्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी एक योजना सुरू झाली. त्या वेळी जयललिता मुख्यमंत्री होत्या. साठ वर्षे पूर्ण झालेल्या शहरवासीयाला महानगर परिवहन महामंडळाच्या बसमधून महिन्याला दहा वेळा विनामूल्य प्रवास करता यावा, अशी ही योजना. त्यासाठी त्याला टोकने दिली जातात. वाहकाच्या हाती एक टोकन द्यावे आणि प्रवास करावा, इतका साधा व्यवहार. टोकने मिळवण्यासाठी मात्र दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पहिली गोष्ट वय, आणि दुसरी गोष्ट चेन्नईतील वास्तव्य. म्हणून शिधापत्रिकेसारखा पत्त्याचा पुरावा आगारात दाखवावा लागतो. वयाची अट समजण्यासारखी आहे. पत्त्याची अट मात्र इतिहासाच्या दृष्टीने नवी आहे; कारण ह्याच तमिळ भूमीवर अशीही एक व्यवस्था होऊन गेली, की जिने वाटसरूला त्याचा पत्ता कधी विचारला नाही. ती व्यवस्था मराठी राजांची होती.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर येथे भोसल्यांची गादी स्थापन केली. ह्या राज्यातून रामेश्वराकडे जाणारा यात्रेचा मार्ग जात होता. काशीची गंगा रामेश्वरावर घालावी आणि सेतूची वाळू गंगेत नेऊन सोडावी, ही भाविक हिंदूची फार मोठी आकांक्षा असे. संसाराची कर्तव्ये आटोपल्यावर, मुले हाताशी आल्यावर माणसे ह्या यात्रेला निघत. म्हणजे प्रवास जितका लांबचा, तितका प्रवासी उतारवयाचा, असे विपरीत गणित त्या काळी होते. गावाची वेस ओलांडताना घरच्यांचा निरोप घ्यायचा तो परत येऊच अशा भरवशाने नव्हे. अशा यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे उभारली. प्रतापसिंह ह्यांची कारकीर्द १७३९ ते १७६३ पर्यंतची. त्यांच्या काळापासून ही परंपरा विशेष बळावली. अनेक छत्रांना राजस्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे छत्र यमुनाबाईंच्या नावाचे, तर ओरत्तनाडूचे प्रसिद्ध छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबा ह्यांच्या नावाने उभारलेले. छत्रांच्या खर्चासाठी गावे आणि जमिनी तोडून दिलेल्या होत्या. त्यांचे हिशेब ठेवले जात, आणि तंजावरच्या मोडी दफ्तरात त्यांच्या कारभाराचे कागद आजही अभ्यासकांना पाहावयास मिळतात.

ह्या छत्रांत काय चाले, ह्याचे सविस्तर वर्णन स्वतः सरफोजीराजांनीच करून ठेवले आहे, आणि ते त्यांना का करावे लागले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, त्याभोवतालचा थोडा मुलूख आणि ठरावीक नेमणूक एवढेच उरले. छत्रे आणि त्यांची गावे आता कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा १८०१ साली सरफोजीराजांनी तंजावरचे ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन ह्यांना पत्र लिहून छत्रे आपल्याच व्यवस्थेखाली राहावीत अशी मागणी केली. राज्य गेल्यावर एखादा राजा काय काय मागेल? ह्या राजाने वाटसरूंना जेवू घालण्याचा अधिकार मागितला.

पत्रात छत्रांची जी माहिती आली आहे तिचा आशय असा. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व जातींच्या प्रवाशांना, तसेच जोगी, बैरागी अशा सर्व पंथांच्या यात्रेकरूंना तेथे शिजवलेला भात मिळत असे. शिजवलेले अन्न ज्यांना चालत नसे त्यांना कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्रीपर्यंत अन्नदान चाले, आणि मग घंटा वाजवून कोणी उपाशी राहिला असल्यास त्याला बोलावले जाई. वाटेत आजारी पडलेल्या प्रवाशाला वैद्याचे औषध आणि पथ्याचे अन्न मिळे, आणि तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होई. लेकरांना दूध, गरोदर स्त्रियांची काळजी, पोरक्या मुलांचा सांभाळ, विद्यार्थ्यांची शिकवणी आणि प्रवासात मरण आलेल्या परक्या माणसाचे त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार, इतकी कामे ह्या छत्रांत होत असत. प्रवासी कोणत्या राज्याचा, कोणाचा रयत, हा प्रश्न ह्या साऱ्या यादीत कोठेही नाही. मराठी मुलखातून आलेला यात्रेकरू, तेलुगू देशातून आलेला गोसावी आणि जवळच्या खेड्यातील तमिळ शेतकरी ह्यांना एकाच घंटेने बोलावले जात होते. जातिभेदाचे नियम त्या काळी होते, आणि ते छत्रांतही होते, हे विसरून चालणार नाही. परंतु दारातून परत पाठवण्यासाठी त्या नियमांचा उपयोग केला जात नव्हता.

सरफोजीराजे स्वतःही पुढे मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस गेले. १८३२ साली त्यांचा अंत झाला. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली निवर्तले आणि तंजावरचे संस्थान खालसा झाले. छत्रांचा कारभार कालांतराने सरकारी व्यवस्थेत गेला. काही वास्तूंत शाळा आल्या, काहींत विद्यार्थी राहू लागले. रामेश्वराची वाट मात्र तोवर बदलू लागली होती.

तो बदल कळण्यासाठी तंजावरहून उत्तरेस मद्रासकडे, म्हणजे आजच्या चेन्नईकडे, वळले पाहिजे. इंग्रजांनी वसवलेल्या ह्या व्यापारी शहरातही छत्रांची कल्पना होतीच. १७८२ च्या सुमारास दुष्काळाने आणि युद्धाने गांजलेले लोक शहरात लोटले, तेव्हा त्यांना पेज देण्यासाठी एक केंद्र निघाले. ‘मणियक्कारर’ म्हणजे गावचा कारभारी. त्या शब्दावरून त्याला ‘मनेगार चौल्ट्री’ हे नाव पडले. त्याच्या आश्रयाने पुढे एक रुग्णालय वाढले; आजचे स्टॅन्ली रुग्णालय ते हेच. स्वतः ती चौल्ट्री कालांतराने निराधार वृद्धांचे आश्रयस्थान बनली. उपाशी वाटसरूसाठी निघालेली संस्था शेवटी वृद्धांपाशी येऊन थांबावी, ह्यात एक प्रकारचा न्याय आहे. उपासमारीच्या लाटा येतात आणि ओसरतात. वार्धक्य मात्र समाजात कायमचे वस्तीला असते.

दक्षिण भारतातील पहिली आगगाडी १८५६ साली मद्रासमधील रायपुरम स्थानकातून वालाजा रोडकडे निघाली. १८७१ साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग रायचूर येथे मद्रासच्या लोहमार्गाला मिळाला, आणि मुंबई–मद्रास प्रवास काही दिवसांच्या आत उरकू लागला. ह्या घटनेने प्रवासाचे अर्थशास्त्रच पालटले. पायी प्रवासाच्या काळात वाट फुकट होती. पायांना भाडे पडत नव्हते. खर्च होता तो अन्नाचा आणि निवाऱ्याचा, म्हणून दानशूरांनी अन्न आणि निवारा दिला. आगगाडी आली आणि वाटच विकत मिळू लागली. महिनोन् महिने लागणारा प्रवास दोन-तीन दिवसांवर आल्याने जेवणाचा खर्च घटला. तिकिटाचा खर्च मात्र नव्याने निर्माण झाला. मद्रास सेंट्रल स्थानकासमोर सर रामस्वामी मुदलियार ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले छत्र ह्या संक्रमणाचे साक्षीदार आहे. दाता तोच जुना विचार घेऊन आला होता, पण आता तो रेल्वेच्या दाराशी उभा होता. प्रवाशाला तो रात्रीचा निवारा देऊ शके. तिकीट मात्र प्रवाशाचे त्यालाच काढावे लागे.

शहराच्या आतही हेच घडले. ७ मे १८९५ रोजी मद्रासमध्ये विजेवर चालणारी ट्रामगाडी सुरू झाली. भारतातील ही पहिली विद्युत ट्राम. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून होती. विजेची ट्राम तेथे १९०७ साली आली. १९३१ साली मद्रास बीच ते तांबरम ही विजेची उपनगरी आगगाडी धावू लागली. ट्राम खासगी कंपनीची होती. कंपनीच्या लेखी प्रवासी म्हणजे तिकीट घेणारा मनुष्य. तो सत्तर वर्षांचा असो वा सतरा वर्षांचा, तिच्या जमाखर्चात दोघांची नोंद एकच. ह्यात कंपनीचा विशेष दोष नव्हता. व्यापारी संस्थेकडून धर्मादायाची अपेक्षा करणे अनाठायी ठरले असते. कंपनी शेवटी डबघाईला आली आणि १९५३ च्या एप्रिलमध्ये मद्रासची ट्राम कायमची थांबली.

तोवर सरकारी बस रस्त्यावर आलेली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७ साली, मद्रास सरकारने शहरात स्वतःच्या बसगाड्या चालवण्यास आरंभ केला. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, ती ह्याच विचाराची बहीण. मद्रासची बस १९७२ साली पल्लवन परिवहन महामंडळाकडे आली. पुढे विभागणी होऊन पुन्हा एकत्रीकरण झाले आणि २००१ पासून ती महानगर परिवहन महामंडळ ह्या नावाने चालते. गाडी लोकांची झाली, तेव्हा लोक तिच्याकडे काही मागू लागले. ज्या प्रवाशाजवळ पैसे नाहीत, पण ज्याने आयुष्यभर ह्या शहराची कामे केली, त्याच्याकडून भाडे घ्यावे काय, हा प्रश्न खासगी ट्रामच्या काळात कोणी विचारला नसता. सरकारी बसच्या काळात तो विचारता येऊ लागला.

हा प्रश्न सर्वांत रोखठोकपणे विचारला गेला तो इंग्लंडात. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्मिंगहॅम शहराच्या नगरसभेने सत्तरीपुढील पुरुष आणि पासष्टीपुढील स्त्रिया ह्यांना शहराच्या बसमधून ठरावीक वेळांत मोफत प्रवासाची मुभा दिली. तूट करदात्यांच्या पैशातून भरून निघणार होती. प्रेस्कॉट नावाच्या एका करदात्याने न्यायालयात दाद मागितली. १९५४ च्या अखेरीस वरिष्ठ न्यायालयाने नगरसभेच्या विरुद्ध निर्णय दिला. नगरसभा ही करदात्यांच्या पैशाची विश्वस्त आहे. कायद्याने स्पष्ट अधिकार दिल्याखेरीज एका वर्गाला इतरांच्या खर्चाने देणगी देण्याची तिला मुभा नाही, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. वृद्धांच्या हाती आलेली सवलत न्यायाच्या एका फटकाऱ्याने बेकायदा ठरली.

परंतु प्रकरण तेथेच संपले नाही. लगेच पुढच्या वर्षी, १९५५ साली, ब्रिटिश संसदेने कायदा करून आधीपासून चालू असलेल्या अशा सवलतींना मान्यता दिली, आणि १९६४ साली तो अधिकार अधिक व्यापक केला. न्यायालयाने अधिकार नाही म्हटले, तेव्हा लोकप्रतिनिधींनी अधिकार निर्माण केला. लंडनमध्ये १९७३ पासून वृद्धांना मोफत प्रवासाचा पास मिळू लागला. आयर्लंडने १९६७ सालीच देशभर अशी योजना सुरू केली होती. १ एप्रिल २००८ पासून इंग्लंडमधील पात्र वृद्धांना आपल्या गावापुरतीच नव्हे, तर इंग्लंडभर कोणत्याही स्थानिक बसमध्ये गर्दीची वेळ सोडून मोफत प्रवास करता येऊ लागला. अमेरिकेने वेगळी वाट धरली. १९७४ च्या कायद्याने तेथे संघराज्याचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या वाहतूक संस्थांवर असे बंधन आले, की गर्दीच्या वेळा सोडून वृद्धांकडून निम्म्याहून अधिक भाडे घेऊ नये.

बर्मिंगहॅमच्या खटल्यातील न्यायाधीश आणि तंजावरचे सरफोजीराजे ह्यांच्यात दीडशे वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे. तरीही दोहोंपुढील प्रश्न एकच होता. उदारपणा दाखवायचा, तो कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या अधिकाराने? सरफोजीराजांनी उत्तर दिले की छत्रांची गावे छत्रांसाठीच राखून ठेवावीत. ब्रिटिश संसदेने उत्तर दिले की कायदा करावा आणि खर्चाची जबाबदारी उघडपणे घ्यावी. दोन्ही उत्तरांचे सार एकच आहे. ज्या दातृत्वाला उत्पन्नाचा झरा बांधून दिलेला असतो, ते दात्याच्या पश्चातही टिकते. जे केवळ मर्जीवर चालते, ते मर्जीबरोबर संपते.

भारतात वृद्धांचा विचार सरकारी पातळीवर सावकाश रुजत गेला. मद्रास राज्याने १९६२ साली निराधार वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. त्या प्रांताला अशा गोष्टींची सवय होती. मद्रास शहराने १९२० च्या सुमारास नगरपालिकेच्या शाळेत मुलांना दुपारचे जेवण देऊन पाहिले होते, आणि १९५६ नंतर मुख्यमंत्री कामराज ह्यांनी तो उपक्रम राज्यभर नेला होता. पोटाची भूक ही ज्याची त्याने पाहावी अशी खासगी बाब नसून सार्वजनिक कारभाराचा विषय आहे, ही समजूत तेथे आधीच मुरलेली होती. २००७ च्या केंद्रीय कायद्याने साठ वर्षे पूर्ण झालेला भारतीय म्हणजे ज्येष्ठ नागरिक, अशी व्याख्या केली. ‘साठी’ ही मर्यादा कायद्याला नवी असली तरी लोकांना नवी नव्हती. मराठी घरांत साठीशांत होते. तमिळ दांपत्ये साठाव्या वर्षी तिरुक्कडैयूरच्या शिवमंदिरात जाऊन पुन्हा एकदा विवाहविधी करतात. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढील माणसे दहा कोटींच्या वर भरली. तमिळनाडूत आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास होते.

ह्या माणसांना देशभर लागू पडणारी सर्वांत मोठी प्रवासी सवलत दिली ती रेल्वेने. साठीपुढील पुरुषांना भाड्यात शेकडा चाळीस आणि अठ्ठावन्न वर्षांपुढील स्त्रियांना शेकडा पन्नास सूट मिळत असे. ह्या सवलतीचा विशेष असा, की तिला प्रांत नव्हता. चेन्नईचा वृद्ध काशीला जाताना आणि पुण्याचा वृद्ध रामेश्वराला जाताना, दोघांनाही ती सारखीच लागू होती. जुन्या छत्राच्या घंटेशी तिचे नाते होते. २०२० च्या मार्चमध्ये साथीच्या काळात ती स्थगित झाली, आणि साथ ओसरून कित्येक वर्षे लोटली तरी पूर्ववत झाली नाही. तिच्यामुळे रेल्वेच्या उत्पन्नाला किती खार लागतो, ह्याची चर्चा पुष्कळ झाली. तिच्या अभावी किती प्रवास घडलेच नाहीत, ह्याची मोजदाद कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही.

रेल्वेची सवलत थांबली असताना राज्यांच्या सवलती वाढत गेल्या. महाराष्ट्रात २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षाला अनुसरून योजनेला ‘अमृत’ हे नाव मिळाले. पासष्ट ते पंचाहत्तर वर्षांच्या प्रवाशांना निम्मे भाडे पडते. परंतु ही मोफत वाट राज्याच्या हद्दीपर्यंतच जाते. हद्दीपलीकडच्या टप्प्याचे भाडे वृद्धाला भरावे लागते. चेन्नईची टोकनेही साथीच्या काळात बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली, आणि त्यांबरोबर पत्त्याचा पुरावाही परत आला.

ह्याच चेन्नईत ८ मे २०२१ पासून आणखी एक गोष्ट घडली. मुख्यमंत्री स्टालिन ह्यांच्या सरकारने साध्या बसगाड्यांतून स्त्रियांना मोफत प्रवास खुला केला. पुढे ह्या गाड्या ओळखू याव्यात म्हणून त्यांना गुलाबी रंगही देण्यात आला. स्त्रीने बसमध्ये चढावे, वाहकाने तिला शून्य रकमेचे तिकीट द्यावे, एवढाच व्यवहार. तिला शिधापत्रिका विचारली जात नाही. ती मैलापूरची आहे की मिरजेची, ह्याच्याशी वाहकाला कर्तव्य नसते. आता एखादे वृद्ध मराठी दांपत्य चेन्नईतील मुलीकडे महिनाभर राहावयास आले आहे, अशी कल्पना करावी. दोघे मिळून कपालीश्वराच्या दर्शनाला साध्या बसने निघाली, तर आजीबाईंना भाडे पडत नाही, आजोबांना पडते. दोघांचे वय सारखेच, गुडघ्यांचे दुखणेही सारखेच. एक सवलत माणसाकडे पाहून दिलेली आहे आणि दुसरी पत्त्याकडे पाहून, एवढाच काय तो भेद.

पत्त्याची अट घालणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. शहराची बस शहराच्या आणि राज्याच्या पैशावर चालते. टोकनांचा गैरवापर होऊ नये, एकाच माणसाने दोन ठिकाणी लाभ घेऊ नये, खर्चाचा अंदाज आधी बांधता यावा, ही कारणे खोटी नाहीत. बर्मिंगहॅमच्या न्यायाधीशांना तीच चिंता होती. लंडनचा पास लंडनमध्ये राहणाऱ्यालाच मिळतो. मुलाकडे पाहुणे म्हणून गेलेल्या भारतीय आईवडिलांना तो मिळत नाही. पण दुसरीही उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या कायद्यात अट घातली आहे ती वयाची. हंगेरीने पासष्टीपुढील आपल्या नागरिकांना सार्वजनिक वाहतूक मोफत केली, तेव्हा युरोपीय संघातील इतर देशांच्या वृद्धांनाही तीत सामील करून घेतले. तेथील बसमध्ये परदेशी वृद्धाने आपले ओळखपत्र दाखवले की पुरते. वेगवेगळ्या भाषांचे आणि वेगवेगळ्या तिजोऱ्यांचे देश जर एकमेकांच्या वृद्धांना आपले म्हणू शकतात, तर एका देशातील दोन राज्यांना ते अशक्य असण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या वृद्धाला चेन्नईत आणि तमिळनाडूच्या वृद्धाला मुंबई-पुण्यात सारखीच वागणूक मिळावी, एवढा करार दोन राज्यांना परस्परांत करता येण्याजोगा आहे. वर्षाच्या शेवटी हिशेब केला तर देणेघेणे बहुधा फिटतही येईल. कारण नोकरीसाठी मुले दोन्ही बाजूंनी स्थलांतर करतात, आणि आईवडील त्यांच्यामागून दोन्ही बाजूंनी जात-येत असतात.

अलीकडे यात्रांच्या बाबतीत राज्ये पुन्हा जुन्या वाटेवर आलेली दिसतात. मध्य प्रदेशाने २०१२ साली वृद्धांना सरकारी खर्चाने तीर्थयात्रा घडवण्याची योजना काढली; महाराष्ट्राने २०२४ साली तसेच पाऊल उचलले; तमिळनाडूच्या धर्मादाय खात्यानेही रामेश्वराहून काशीला वृद्ध यात्रेकरू नेले. म्हणजे काशी–रामेश्वराची वाट सरकारी खर्चाने पुन्हा चालू झाली आहे. ह्या योजनांत फार थोड्यांची निवड होते आणि आयुष्यातून एकदा प्रवास घडतो. महिन्याची दहा टोकने त्या मानाने क्षुल्लक वाटतील. परंतु वृद्धाच्या रोजच्या जगण्यात महत्त्व टोकनांचेच अधिक. यात्रा पुण्य देईल. टोकन त्याला रुग्णालयापर्यंत, बँकेपर्यंत, जुन्या मित्राच्या घरापर्यंत नेते. मुलासुनेकडे दहा रुपये मागण्याची वेळ न येता तो घराबाहेर पडू शकतो. म्हातारपणातील परावलंबनाची सुरुवात पुष्कळदा अशाच दहा रुपयांपासून होत असते, आणि स्वाभिमानी माणूस ते मागण्यापेक्षा घरीच बसणे पत्करतो.

येथे छत्र आणि टोकन ह्यांची तुलना पूर्ण होते. छत्रात जे मिळे ते दान होते. घेणाऱ्याने हात पुढे करावा आणि देणाऱ्याने पुण्य जोडावे, असा तो संबंध होता. टोकन हा हक्क आहे. वाहक ते घेतो तेव्हा उपकार करत नाही आणि वृद्ध ते देतो तेव्हा मिंधा होत नाही. ही मोठीच प्रगती झाली, आणि ती गमावणे परवडणारे नाही. दानाजवळ मात्र एक गोष्ट होती, जी हक्काजवळ अजून आलेली नाही. दान परक्याला ओळखत होते. सरफोजीराजांच्या छत्रात मध्यरात्री जी घंटा वाजे, ती जो उपाशी असेल त्याच्यासाठी वाजे. तो कोणत्या गावचा आहे, हे ती वाजवणाऱ्याला ठाऊक नसे. ज्या दिवशी साठीपुढील कोणीही भारतीय देशातील कोणत्याही शहरात, शिधापत्रिका घरी ठेवून, केवळ आपल्या वयाच्या आधारावर बसमध्ये चढू शकेल, त्या दिवशी ही उणीव भरून निघेल. तोपर्यंत चेन्नईच्या आगारात टोकनासाठी रांगेत उभ्या असलेल्या वृद्धाने आपली शिधापत्रिका जपून ठेवावी, आणि परगावाहून आलेल्या त्याच्या समवयस्काने भाड्याचे सुटे पैसे जवळ बाळगावेत, हेच इष्ट.